मंगळासाठी निघाले, धुळीत रमले

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या डोक्यात मंगळ पक्का बसला होता. तिथली हवा दाट करायची, पाणी खेळवायचं, झाडं लावायची. आज मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, करते आहे आणि माझं सगळं काम धुळीवर चालतं, कोवळ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या बारीक धुळीवर. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

मंगळाचं आधी सांगते. २०१८ मध्ये ब्रूस जेकॉस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या ग्रहशास्त्रज्ञांनी तिथल्या हाती येण्याजोग्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब मांडला. ध्रुवांवरचा बर्फ, मातीत मुरलेला वायू, खडकांतला साठा, सगळं हवेत सोडलं तरी दाब जातो २० मिलिबारच्या आसपास. आत्ता तो ६ आहे. पृथ्वीवर हजाराच्या वर. एमएस्सीला हा पेपर वाचला आणि दोन दिवस कशात मन लागेना. मग वाटलं, पृथ्वीच्या वस्तुमानाचा जेमतेम दहावा हिस्साच मंगळाच्या वाट्याला का आला? या प्रश्नाने मला ग्रहनिर्मितीकडे आणलं.

इथला सगळ्यात अवघड प्रश्न ऐकायला साधा आहे. कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या वायूत धुळीचे कण चिकटून चिकटून मिलिमीटर-सेंटिमीटरचे खडे होतात. पुढे मात्र आपटले की उडतात किंवा फुटतात. पृथ्वी सूर्यापासून आहे तेवढ्या अंतरावर मीटरभराचा धोंडा झालाच, तर भोवतालच्या वायूच्या विरोधामुळे शंभरेक वर्षांत तो ताऱ्यात जाऊन पडतो. मग ग्रह घडतात कसे? २००५ मध्ये अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं, की वायूतून सरकणारे खडे आपसूक गोळा होत जातात. असे पुंजके पुरेसे दाट झाले, की स्वतःच्याच गुरुत्वाने आकसून त्यांचे कित्येक किलोमीटरचे गोळे बनू शकतात. माझी पीएचडी या पुंजक्यांच्या सिम्युलेशनवर झाली.

त्यात एक चूक महागात पडली. कोडमध्ये कणांची घनता एसआय एककात (किलो-मीटर) होती, बाकी सगळं सीजीएसमध्ये (ग्रॅम-सेंटिमीटर). पुंजके इतके देखणे दिसत होते की शंकाच आली नाही. अडीच महिन्यांचे रन टाकून द्यावे लागले. तेव्हापासून, ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं एखादं गणित मी कोडला आधी घालते.

एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट-नेट या प्रवेशपरीक्षा, ही माहिती कुठेही मिळेल. मी आग्रहाने सांगेन ते हे, की फिजिक्सवाल्यांनी भूशास्त्राला कमी लेखू नये. कॉन्ड्राइट प्रकारच्या अशनीची (आकाशातून पडलेल्या दगडाची) पातळ चकती मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा काळपट भुग्यात मिलिमीटरभराचे गोल थेंब होते, ध्रुवित प्रकाशात निळे, केशरी, पिवळे. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी वितळून गोठलेले. माझ्या स्क्रीनवर जो नुसता आकडा होता, तो खडा हा! महाराष्ट्रात असाल तर लोणारलाही जा. बेसाल्टमधलं आघातविवर असल्याने मंगळाच्या विवरांशी त्याची तुलना होते.

घरी आधीच सांगून ठेवा: पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, बहुतेकदा परदेशात. कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, तीही मिळेलच असं नाही.

आणि वाट बघत बसू नका. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या कड्या टिपल्या. तो डेटा सगळ्यांना खुला आहे. बीएस्सीतच उतरवून घ्या, पायथनमध्ये उघडा, कड्यांची ताऱ्यापासूनची अंतरं स्वतः मोजा. पीएचडीच्या मुलाखतीत मला सगळ्यात जास्त प्रश्न याच मोजमापावर विचारले गेले.