आरोग्यशाखेत जायचंय? शाळेतले विषय निवडताना या चुका टाळा

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या सहामाहीत अनेक मुलं अडतात ती जीवशास्त्रात नव्हे, तर शाळेत ‘पुढे काय उपयोग’ म्हणून सोडून दिलेल्या विषयांत.

जीवशास्त्र घेतलं, मग गणित कशाला?
सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. १८ किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचं, म्हणजे २७० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५०, आणि डोस ५.४ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. इथे लागतं ते गुणोत्तर, एककं आणि दशांश, एवढंच. पण दोन वर्षं सराव सुटला की हेच हातून निसटतं. कॅल्क्युलेटर वाचवत नाही, कारण चुकीच्या मांडणीचं उत्तरही तो तितक्याच ठामपणे देतो.

गणित सुटलंच असेल तर रोज पाच उदाहरणं सोडवा. प्रत्येक पायरीला एकक लिहा आणि आकडेमोडीआधी उत्तराचा अंदाज बांधा. चमचाभर औषध अपेक्षित असताना ५४ मिलिलिटर आलं, तर मांडणी पुन्हा तपासा.

रसायन आणि भौतिकशास्त्र फक्त पास होण्यापुरतं
रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ असतो, हे पाठ करता येतं. पण तो ७.४ वरून ७.१ वर आला की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दुप्पट होतं, हे लॉगरिदम समजल्याशिवाय उमगत नाही. मग ०.३ चा फरक किरकोळ वाटतो, आणि रुग्णाच्या बाबतीत तो मुळीच किरकोळ नसतो. भौतिकशास्त्राचंही तसंच. नळीतला प्रवाह संथ असेल आणि दाब तोच राहिला, तर त्रिज्या निम्मी होताच प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. श्वासनलिका थोडी आकसली तरी दम का लागतो, ते इथून कळतं.

प्रयोगवही उतरवून काढणं
असं केलेली मुलं मायक्रोस्कोपवर लगेच ओळखू येतात. थेट ४०एक्स, म्हणजे चाळीसपट मोठं दाखवणारं भिंग, लावून मोठा स्क्रू फिरवला की भिंग स्लाइडवर आदळतं. आधी ४एक्स किंवा १०एक्सवर चित्र स्पष्ट करायचं आणि ४०एक्सवर फक्त बारीक स्क्रू वापरायचा. ही सवय शाळेच्या प्रयोगशाळेतच लागते.

फक्त बहुपर्यायी प्रश्नांचा सराव
पर्याय समोर असले की उत्तर ओळखता येतं; तोंडी परीक्षेत मात्र ते स्वतः मांडावं लागतं. म्हणून धडा संपला की वही मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढा, नावं द्या आणि प्रत्येक भाग बिघडला तर काय होईल ते एका ओळीत लिहा. तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा.

प्रवेश झाला असेल तर पहिल्याच आठवड्यात डोसाची दहा उदाहरणं, द्रावणाच्या तीव्रतेची पाच आणि एक आलेख स्वतः सोडवून पाहा. जिथे दोनपेक्षा जास्त चुका होतील, तिथलं शाळेचं पुस्तक आधी उघडा. कॉलेजचं जाड पुस्तक नंतर.