स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर वनस्पतींचे अर्क तपासताय? या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टांची घाई सुरू झाली की ठरलेली तक्रार येते: "मॅडम, अर्काने पेशी मरत नाहीत, उलट वाढतायत!" मी आधी एवढंच विचारते, प्लेटच्या पेशी न घातलेल्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, अर्क आणि एमटीटी हे जिवंत पेशी मोजायचं रंगद्रव्य टाकून पाहिलंस का? बहुतेक वेळा पाहिलेलं नसतं.

एमटीटी पिवळं असतं. जिवंत पेशी त्याचं क्षपण करून जांभळं फॉर्मझान बनवतात आणि ५७० नॅनोमीटरला आपण तो रंग मोजतो. पण आवळा, हिरडा, डाळिंबाची साल यांतली पॉलिफेनॉल्स हेच काम पेशींशिवायही करतात. एका मुलाने डाळिंबाच्या सालीचा अर्क एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर लावला. सगळ्यात जास्त मात्रेला जिवंत पेशी शंभर टक्क्यांच्या वर! त्याने 'कमी मात्रेत मारक, जास्त मात्रेत पोषक' अशी चर्चाही लिहून ठेवली होती. तीच मात्रा मायक्रोस्कोपखाली धरली, तर पेशी गोल होऊन, तळ सोडून मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, तरंगत होत्या. मग रिकाम्या प्लेटमध्ये नुसता अर्क आणि एमटीटी घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. चार तासांनी सगळी रांग जांभळी, आणि मात्रा वाढेल तसा रंग गडद. चर्चेची दोन पानं गेली.

माझी पद्धत सांगते. अर्काचा मीडिया काढायचा, पीबीएस या खारट बफरने हलक्या हाताने धुवायचं, मग ताज्या मीडियात एमटीटी. तरीही पेशीविरहित वेलची रांग प्रत्येक प्लेटवर हवीच. शंका उरली तर एसआरबी चाचणी करा, ती प्रथिनं रंगवते, तिथे क्षपणाची भानगड नाही. आणि रंग मोजणाऱ्या रीडरकडे पळण्याआधी प्लेट डोळ्यांनी बघा. पाच मिनिटं लागतात, पण हल्ली तेवढाही धीर कुणाला नाही.

दुसरी आवडती चूक कॅस्पेज-३ या पेशी मरताना काम करणाऱ्या एन्झाइमची. ऍपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा नियोजित मृत्यू, दाखवायचा म्हणून महागडी अँटीबॉडी मागवतात, ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या पटलावर) पट्टी येत नाही, मग माल खराब आला म्हणून कंपनीला मेलवर मेल. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ तयारच होत नाही, त्याच्या जनुकाचा तुकडा गळलेला आहे. हे १९९८ साली छापून आलंय. कॅस्पेज-७ बघा, कॅस्पेज तोडतात त्या पार्प प्रथिनाचे तुकडे बघा, मरणाऱ्या पेशी ओळखणारी ॲनेक्झिन चाचणी करा. नाहीतर एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या पेशी घ्या.

हळदवाल्यांसाठी: सीरम नसलेल्या मीडियात, पीएच ७.२ आणि ३७ अंशांना हळदीतलं कर्क्युमिन अर्ध्या तासात ९० टक्क्यांच्या आसपास विघटित होतं. ४८ तासांनी दिसलेला परिणाम नक्की कशाचा, हे मग तुम्हीच सांगा.

जेनिस्टीनसारखं इस्ट्रोजेनची नक्कल करणारं संयुग असेल तर फिनॉल रेड नसलेला मीडिया वापरा. तो लाल रंगही एमसीएफ-७ ला इस्ट्रोजेनसारखाच चाळवतो.

अर्क विरघळवायचं डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखं, शक्यतो ०.१ टक्का. 'विरघळत नव्हतं म्हणून जरा जास्त घातलं' हे मला सांगू नका.

कडेच्या वेलमध्ये पीबीएस भरा, तिथलं पाणी उडतं.

पेशी शेजारच्या लॅबमधून उसन्या आणू नका, पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून घ्या. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि निघाली मेलेनोमाची.

झाडाचंही तेच. काष्ठौषधीच्या दुकानात अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल सर्रास मिळते. नमुना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या कार्यालयातून ओळखून घ्या, जपून ठेवलेल्या नमुन्याचा व्हाउचर नंबर घ्या, मगच मिक्सर लावा.

आणि आयसी५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) मिलीलिटरला चारशे मायक्रोग्रॅम आला तर शीर्षकात 'प्रभावी' लिहू नका. कच्च्या अर्कासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नावाने सांगितला जाणारा निकष मिलीलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आतला आहे. तेवढ्यात बसलात तरी तीच मात्रा एमसीएफ-१०ए या कर्करोग नसलेल्या पेशींवर लावून दाखवा. त्याही मेल्या, तर तुमच्या हातात सध्या फक्त एक विष आहे.