शिवसागराच्या पलीकडे मुक्काम: बस आणि बोटीच्या प्रवासातील या चुका टाळा

मुंबईहून साताऱ्यापर्यंत सुमारे २५० किलोमीटर रात्रीची एसटी, तिथून कास पठारावरून बामणोलीपर्यंत दुसरी एसटी आणि पुढे कोयनेच्या शिवसागर जलाशयातून बोट, अशा तीन टप्प्यांनी पलीकडच्या काठावरील रानातल्या मुक्कामाला पोहोचता येते. १९६०च्या दशकात धरणात पाणी साठले तेव्हा या खोऱ्यातील गावे आणि जुन्या वाटा बुडाल्या, त्यामुळे काठावरच्या कितीतरी ठिकाणी आजही बोटीनेच जावे लागते. पाठीवर सॅक घेऊन निघणारे मुंबईकर बसचे आरक्षण आठवडाभर आधी करतात आणि बोटीचे मात्र तिथे गेल्यावर पाहू म्हणतात. बहुतेक अडचणींचे मूळ यात आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. शनिवारी पहाटे निघालेली आमची गाडी खंबाटकी घाटातील कोंडीत अडकली, साताऱ्यात बामणोलीची दुपारची एसटी डोळ्यांदेखत फलाटावरून सुटली आणि पुढच्या गाडीने आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बोटवाल्यांनी नकार दिला आणि तो योग्यच होता, कारण अंधारात काठाजवळचे खडक दिसत नाहीत. पलीकडे आमच्यासाठी भाकऱ्या करून ठेवलेल्या कुटुंबाला फोन लागेना. आम्ही बामणोलीतच एका घराच्या पडवीत झोपलो. ते मात्र रात्री उशिरापर्यंत बॅटरी घेऊन काठावर थांबले होते, हे दुसऱ्या दिवशी कळले, आणि त्याची रुखरुख आजही वाटते.

म्हणून वेळेचा हिशेब बोटीपासून उलटा मांडावा. दुपारी तीनपर्यंत बोटीत बसायचे असे ठरवले, तर बामणोलीत दोनला आणि त्यासाठी सातारा स्थानकावर अकराच्या सुमारास असायला हवे, म्हणजे मुंबई आदल्या रात्रीच सोडायला हवी. साताऱ्याहून बामणोलीला दिवसात मोजक्याच गाड्या सुटतात. त्यांच्या वेळा चौकशी खिडकीवर विचारून घ्याव्यात, आणि अशा टोकाच्या गावांना संध्याकाळी जाणारी एसटी बहुधा मुक्कामी असते, ती बोटीच्या उपयोगाची नाही, हे लक्षात ठेवावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासला फुले असताना शनिवार-रविवारी या रस्त्यावर इतकी गर्दी होते की आणखी दोन तास हाताशी ठेवावेत.

बोटीचे भाडे साधारणपणे माणशी नसून पूर्ण बोटीचे असते, त्यामुळे दोघांनाही दहा जणांइतकेच पैसे मोजावे लागू शकतात. मुक्कामाच्या यजमानांशी बोलताना बोट कोणाची, परतीचे भाडे त्यात धरले आहे का आणि सध्या बोट कुठे लागते, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न उन्हाळ्यात फार महत्त्वाचा आहे, कारण एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटते आणि नेहमीच्या धक्क्याऐवजी भेगाळलेल्या गाळातून सॅक घेऊन बरेच चालावे लागते.

सॅकवर रेनकव्हर चढवले की सामान सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. ते पाऊस अडवते, पण बोटीच्या तळाशी साचलेले पाणी खालून शिरते आणि सर्वांत आधी तळाला ठेवलेली झोपण्याची पिशवी भिजते. कपडे आणि पांघरूण सॅकच्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे. त्याहून मोठी चूक म्हणजे बोटीत सॅक पाठीवर अडकवून बसणे: तोल जाऊन पाण्यात पडल्यास छातीचा आणि कमरेचा पट्टा वेळेवर सुटत नाही. सॅक खाली ठेवावी, लाइफ जॅकेट घालावे आणि त्याचे बंद नीट बांधावेत. बोटवाल्याने आग्रह धरला नाही तरी स्वतः मागून घ्यावे.

काठावरचा मुक्काम आणि अभयारण्य यांत गल्लत करू नये. वासोटा किल्ल्याचा परिसर कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१०मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे वन विभागाच्या परवानगीने दिवसा जाऊन परतावे लागते, गडावर रात्री राहता येत नाही आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ हवे. रानात अस्वले आणि गवे आहेत, त्यामुळे अंधार पडल्यावर मुक्कामाच्या जागेपासून दूर भटकू नये. साप चावल्यास जखम कापणे किंवा घट्ट बांधणे टाळून, चावलेला भाग न हलवता, थेट रुग्णालय गाठावे. त्यासाठी रात्री बोट मिळू शकते का, हे पहिल्याच दिवशी यजमानांना विचारून ठेवावे.

रोख रक्कम मुंबईतूनच न्यावी, कारण रेंज नसेल तिथे मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. परतीची बोट किती वाजता निघणार, हे आदल्या संध्याकाळी बोटवाल्याशी पक्के करावे, आणि रविवारी संध्याकाळच्या सातारा-मुंबई गाडीचे आरक्षण निघण्यापूर्वीच करून ठेवावे. नाहीतर सॅक मांडीवर घेऊन मधल्या वाटेत बसून यावे लागते.