स्टीलहेड लागला की रॉड आडवा धरा

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन-ओरेगॉन राज्यांच्या नद्यांत स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट मासा) गळाला लागला की हात आपसूक वर जातो आणि रॉड उभा होतो. घोळ इथेच होतो. उभ्या रॉडने मासा नुसता वर ओढला जातो. तो प्रवाहात डोकं खाली घालून निवांत तग धरतो. त्याऐवजी रॉड कमरेइतका खाली, पाण्याला समांतर धरून काठाकडे झुकवा. ओढ बाजूने बसली की डोकं वळतं आणि तोल सावरायला त्याला सारखी शेपटी मारावी लागते. त्याने दिशा बदलली की तुम्हीही रॉडची बाजू बदला.

काठाने चालत माशाच्या समोर, जमलं तर थोडं प्रवाहाच्या खालच्या अंगाला या. प्रवाहाच्या वरच्या अंगाने ओढलंत तर मासा आणि नदी, दोघांशी झुंज. उडी मारली की रॉडचं टोक झटकन त्याच्याकडे झुकवून दोरी सैल सोडा. पळत सुटला तर रीलचं (दोरीच्या चकरीचं) हँडल सोडा, ड्रॅगला, म्हणजे रीलच्या ब्रेकला, काम करू द्या (माझी बोटं सोलून निघाली आहेत).

पायाशी आलेल्या माशासाठी रॉड खांद्यामागे नेऊ नका, टोक तेव्हाच मोडतं. आणि शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असलेला जंगली स्टीलहेड सोडायचा असेल, तर वॉशिंग्टनच्या नद्यांत तो पाण्यातून पूर्ण उचलणंही बेकायदा आहे. फोटो पाण्यातच काढा.