एका कानात ब्लूटूथ घालून वावरात जाताय? या चुका टाळा

परहाटीच्या वेचणीला निघालेल्या बायांमध्ये आता एखाद-दोघींच्या रुमालाखाली कानात ब्लूटूथ असतोच. ढोरं चारणाऱ्याकडे तो असतो, हरभऱ्याची जागल करणाऱ्याकडे असतो, रात्रीच्या लाइनीत मोटर चालू करायला जाणाऱ्याकडेही असतो. त्यात वाईट काहीच नाही. दिवसभर वाकून एकच काम करणाऱ्या माणसाला कीर्तन, बातम्या, बाजारभाव ऐकायला मिळाले तर काम हलकं होतं. दोन्ही कान बुजवण्यापेक्षा एकच बड, म्हणजे जोडीतला एकच कानात घालायचा तुकडा, घालणं केव्हाही बरं.

पण त्यासोबत एक भरवसाही आला आहे: "एक कान मोकळा आहे ना, मग काही होत नाही." हा भरवसा अर्धाच खरा आहे. आवाज झाला एवढं मोकळा कान सांगतो. तो कुठून झाला हे कळायला दोन्ही कान लागतात.

आवाज आला की लगेच बाजूला सरकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून आधी हीच.

उजवीकडून आवाज आला तर तो उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय मधे डोकं आडवं येत असल्यामुळे पलीकडच्या कानात आवाज थोडा दबून जातो. या दोन खुणांवरून आपल्याला दिशा कळते. एका कानात बड बसला की दोन्ही खुणा बिघडतात, आणि बिघडतात त्याही एका ठरावीक पद्धतीने: बहुतेक आवाज मोकळ्या कानाच्या बाजूने आल्यासारखे वाटतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. बड डाव्या कानात आहे आणि डावीकडच्या तुरीत काहीतरी खसखसलं. तुम्हाला ते उजवीकडून आल्यासारखं वाटतं. माणूस घाबरून डावीकडे सरकतो, म्हणजे नेमका त्याच्या अंगावर जातो. तिथे रानडुक्कर असेल तर पुढचं सांगायला नको. पांदणीत मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचंही तसंच. हॉर्न ऐकू येतो, माणूस दचकून चुकीच्या बाजूला होतो, आणि लोक म्हणतात, "हॉर्न देऊनही मधातच आला."

उपाय साधा आहे, पण अंगवळणी पडायला हवा. अनोळखी आवाज आला की आहे तिथेच थांबा, बड काढा, मान वळवून पाहा आणि मगच पाऊल हलवा. मान थोडी फिरवली तरी दिशेचा अंदाज बराच सुधारतो.

जंगलाकाठी बड घालणं

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला लोक जंगलात जातात, त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ताडोबाच्या भोवती आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात याच दिवसांत वाघाचे हल्ले होतात. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, म्हणून एकट्याने जाऊ नका, उजाडायच्या आधी जाऊ नका, असं वन विभाग सांगत असतो.

वाघ स्वतः आवाज करत नाही. त्याची खबर बाकीचे देतात. झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ तीक्ष्ण आवाजात इशारा देतं, सांबराचा एकच खणखणीत आवाज येतो, सातभाई एकदम कलकलाट करतात. जुनी माणसं या आवाजांवर जंगलात वावरली. हे आवाज दुरून येतात, एकदाच येतात, आणि ते कोणत्या अंगाने आले हेच खरं महत्त्वाचं असतं. म्हणून जंगलात माझं मत सरळ आहे: बड घरी ठेवा. आवाज कमी ठेवूनही नको, एका कानातही नको. सोबतच्यांशी मोठ्याने बोलत राहा, त्याने जनावरालाही तुमची चाहूल लागते.

वावरात रात्री हेच काम टिटवी करते. धुऱ्यावरून कोणी चाललं, माणूस असो की जनावर, ती ओरडत उठते. जागल करताना गाणी ऐकायचीच असतील तर फोन माळ्यावर ठेवून स्पीकरवर लावा. कान दोन्ही मोकळे राहतात, आणि आवाजाने डुकरंही थोडी बिचकतात.

सापाबद्दल एवढंच: घोणस जोरात फुत्कारते, फुरसं अंग घासून खरखर आवाज करतं, पण मण्यार काहीच आवाज करत नाही. कान मोकळा ठेवण्याचा उपयोग पहिल्या दोघांपुरता. मण्यारीसाठी बॅटरीचा उजेड आणि पायात बूटच लागतात.

चुकीच्या कानात घालणं

बरेच जण सवयीने उजव्याच कानात घालतात. रस्त्याने चालताना नियम असा ठेवा: रस्ता ज्या बाजूला, तो कान मोकळा. डाव्या कडेने चालत असाल तर गाड्या तुमच्या उजवीकडून जातात, तेव्हा बड डाव्या कानात. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने चालत असाल, आणि तेच जास्त सुरक्षित आहे, तर बड उजव्या कानात.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. असा माणूस आवाज स्पष्ट यावा म्हणून बड चांगल्या कानात घालतो आणि मग बाहेरचं जवळजवळ काहीच ऐकत नाही. घरातल्या काकाजींना किंवा आजीला नवीन ब्लूटूथ घेऊन देताना हे आवर्जून पाहा. कमजोर कानात बडचा आवाज कळत असेल तर तिथेच घालावा. कळत नसेल तर बाहेर पडताना बड नकोच.

व्हॉल्यूम वाढवत जाणं

एकाच कानाने ऐकलं की तोच आवाज लहान वाटतो, म्हणून हात आपोआप वाढवायच्या बटणाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या कानाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर गाणं ऐकू यायचं तर बड त्याहून मोठा लावावा लागतो. म्हणून ट्रॅक्टरवर बड नको. दुचाकीवरही नको, तिथे वारा तेच काम करतो.

पायी चालताना किंवा वावरात आवाज किती ठेवायचा याची परीक्षा सोपी आहे. चार पावलं चाला. पायाखालच्या पाल्याचा, मातीचा आवाज तुम्हाला स्वतःला ऐकू आला पाहिजे. नाही आला तर कमी करा.

नॉइज कॅन्सलेशन चालू राहणं

नव्या बडमध्ये बाहेरचा गोंगाट मारणारी ही सोय असते. ती सर्वात चांगली चालते खालच्या, सलग घुमणाऱ्या आवाजांवर. म्हणजे ट्रकचं इंजिन, दुरून येणारा ट्रॅक्टर, मोटरपंपाची घरघर. बाहेर वावरताना हेच आवाज कळायला हवेत. पंपाचं पाणी तुटलं की मोटरचा सूर बदलतो आणि जाणता शेतकरी ते पिकाच्या दहा ओळी दुरून ओळखतो. ती खूणही अशाने जाते.

वावरात जाताना हे बंद करा. बडमध्ये ट्रान्सपरन्सी किंवा ॲम्बियंट मोड असेल तर तो लावा. त्यात बडचा माइक बाहेरचा आवाज आत देतो. वारा सुटला की मात्र तो नुसता फडफडतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. विकत घेतानाच विचार करायचा असेल तर रबरी टोपीचा, कानात घट्ट बसणारा बड घेऊ नका. टोपी नसलेला, कानाच्या तोंडाशी अर्धवट टेकणारा घ्या. तो स्वस्तही मिळतो आणि बाहेरचं बरंचसं आत येऊ देतो.

गाणं अर्धंच येतं, माणूस बोलतो पण ऐकू येत नाही

ही तक्रार फार येते आणि बडमध्ये बिघाड समजून लोक नवा घेतात. गाणं डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांत रेकॉर्ड केलेलं असतं. एकच कान लावला की दुसऱ्या भागातलं वाद्य किंवा आवाज हरवतो. व्हिडिओत तर कधी बोलणाऱ्याचा माइक एकाच बाजूला नोंदलेला असतो, आणि तुम्ही दुसऱ्या बाजूचा बड घातलेला असतो. चित्र हलतं, आवाज शून्य.

फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधायच्या चौकटीत "मोनो" लिहा. ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" सापडेल, ते चालू करा. दोन्ही बाजू एकत्र होऊन एकाच बडमध्ये येतात. तिथेच डावी-उजवीचा तोल दाखवणारी पट्टी असते, ती मध्यावर आहे ना तेही पाहा. ती एका टोकाला सरकलेली असली तरी हाच त्रास होतो. बरेच नवे बड एकटे वापरले की हे स्वतःहून करतात. वायरवाल्या इअरफोनला मात्र फोनमध्येच करावं लागतं.

एक बड चालतो, दुसरा एकटा चालत नाही

जुन्या आणि स्वस्त जोड्यांमध्ये एक बड मुख्य असतो. फोन त्याला जोडलेला असतो आणि दुसऱ्याला आवाज त्याच्यामार्फत जातो. मुख्य डबीत ठेवला की दुसरा मुका होतो. त्यावर इलाज नाही. आठवडी बाजारात घेताना दुकानदाराला म्हणा, "भाऊ, दोन्ही एकेक करून वाजवून दाखवा." दोन्ही एकटे चालत असतील तर एक कानात, एक चार्जिंगला, असं आलटून पालटून दिवसभर पुरतं आणि दोन्ही बॅटऱ्या सारख्या झिजतात.

जोडच बसत नसेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनं नाव काढून टाका आणि नव्याने जोडा. घरातल्या दुसऱ्या फोनला तो आधीच चिकटलेला नाही ना, हे आधी तपासा. बहुतेक वेळा तेच निघतं.

मे महिन्यात डबी ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका. आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, उन्हातल्या पत्र्यावर त्याहून कितीतरी जास्त. लिथियम बॅटरी त्याने लवकर मरते, फुगूही शकते.

मळणी आणि फवारणी

मळणी यंत्र किंवा कडबा कुट्टीजवळ वायरवाला इअरफोन अजिबात नको. एक कान वापरताना दुसरी वायर लोंबत असते, आणि पट्ट्यात दुपट्टा ओढला जातो तशीच ती ओढली जाते. बिनवायरचाही नको, कारण तिथे "थांबव!" ही हाक पहिल्यांदाच ऐकू यायला हवी.

फवारणीत कारण वेगळं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. कानाच्या नळीची त्वचा हाताच्या त्वचेच्या सुमारे पाचपट औषध शोषते. गाणं बदलायला, फोन उचलायला औषधाचं बोट बडला लागतं, आणि तो बड कानात जातो. हातमोजे घातले असले तरी मोज्यावर औषध असतंच. फवारणीच्या दिवशी फोन आणि बड दोन्ही धुऱ्यावरच्या पिशवीत ठेवा.

गडगडाट चुकणं

जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. दुरून आलेला पहिला गडगडाट बारीक असतो आणि कानातल्या बोलण्यात तोच हरवतो. तो ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलेले असता. आभाळ भरलं की बड काढा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप फोनमध्ये ठेवा, ते जवळपास कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. मग झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जा.

हाकेचं काय?

वावरात अजूनही माणूस हाकेवरच चालतो. वेचणीत मागे पडलेल्या बाईला "मावशी, ब्लूटूथ काढा जी, मुकादम आवाज देऊन राहिला" असं सांगायला कोणी तरी लागतं. टोळीत सगळ्यांनी एकाच वेळी बड घालू नये, शेजारशेजारच्या दोघींपैकी एकीचे तरी दोन्ही कान मोकळे असावेत. आणि फोनवर बोलणं हे गाणं ऐकण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. गाणं कानात वाजत राहतं, बोलण्यात मात्र पूर्ण मन जातं. कॉल आला तर उभं राहून बोला, संपला की चाला. रुमाल बडवर घासला की समोरच्याला खरखर ऐकू येते आणि टच लागून कॉलही कटतो, त्यामुळे बोलताना तेवढा रुमाल मागे सारा.

एक बड हळू वाजतो

नव्वद टक्के संशय जाळीवर घ्या. मळ आणि कापसाचे तंतू तिथे बसतात. जाळी खालच्या बाजूला धरून कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा, म्हणजे घाण आत न जाता खाली पडते. पिन घालू नका, पाणी लावू नका. पावसाळ्यात ओल्या कानात बड घालू नका आणि एकाचा बड दुसऱ्याने वापरू नका, कानात बुरशी होते. खाज थांबत नसेल, कान वाहत असेल किंवा कमी ऐकू येत असेल तर तेल किंवा कसला रस टाकत बसू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्या कानात बड नको.