शिडाच्या होडीचं फायबर: धुणं, घासणं, वॅक्स

भावांनो, पावसाळा सरला की होडी ट्रेलरवर घ्या आणि झाडाखाली लावा. रंकाळ्याकाठच्या भर उन्हात वॅक्स लावलं तर पुसायच्या आधीच वाळून चिकटतं.

आधी गोडं पाणी आणि सौम्य शाम्पू. तारेची घासणी अजिबात नको. पाण्याच्या रेषेवरचा पिवळट डाग ऑक्झॅलिक ॲसिडवाल्या क्लीनरनं जातो. हातमोजे आणि चष्मा घालूनच लावा, नंतर भरपूर पाणी. ते पाणी तळ्यात मात्र जाऊ देऊ नका.

आता खरं काम. हाताचं बोट फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली तर समजा, उन्हानं जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत लेपाचा, वरचा थर खाल्लाय. त्यावर थेट वॅक्स म्हणजे धुळीवर सारवण! आधी बारीक कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, मारा, एका वेळी हातभरच जागा, पॉलिशचं मशीन हळू आणि सतत हलतं. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर असतो, एकाच जागी दाबून धरलं की संपला. कडांना तर मी मशीन लावतच नाही, हातानंच घासतो. वेळ जातो, जाऊ दे.

मग कार्नोबा वॅक्सचा पातळ थर. धुरकट दिसला की मायक्रोफायबरनं पुसा. तळाला शेवाळरोधक रंग असेल तर तिथं वॅक्स नाही. आणि डेकवर तर नकोच, पाय सटकून थेट पाण्यात जाल.