किल्ल्यावर सहल नेताना पोरं होडीत कशी बसवावीत

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी सहल मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेते. पोरांचा पाय होडीत पडण्याआधी काय पाहायचं, ते लिहिते.

आधी आकडा शोधा. किती प्रवासी न्यायचे ते परवान्यात असतं, होडीवरही रंगवलेलं हवं. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटली. २२ जण गेले, त्यात कितीतरी मुलं. मासेमारीची बोट बदलून केलेली, त्यात माणसं कोंबलेली. केरळ उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि बजावलं की प्रवासीसंख्या मल्याळममध्ये, सहज दिसेल अशा जागी लिहा. लोकांना वाचता येईल त्या भाषेत, हे मला फार पटलं. म्हणून आकडा वाचायचं काम मी पोरांनाच देते. गेल्या वर्षी चौथीतला एक ओरडला, "बाई, आकडो टायराच्या मागे आसा!" खलाशाला टायर उचलायला लावला, तेव्हा कुठे अर्धा पुसलेला आकडा दिसला.

मग डोकी मोजा, शिक्षकांसकट. "पोरां ल्हान आसत, दोघांचो एक धरूया," असं मला एकदा ऐकवलं होतं. धरू नका. पोर म्हणजे एक पूर्ण प्रवासी. मी तेव्हा नऊ जणांना खाली उतरवलं. थोडी बाचाबाची झाली, तिकीटवाला अजून तिरकं बघतो.

लाइफ जॅकेट सीटखाली रचून ठेवलेलं चालत नाही, अंगात हवं. बकल लावून झालं की खांद्याशी धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठ्या माणसाचं आहे; लहान मापाचं मागा. पट्टा तुटका असेल तर तिथेच बदलून घ्या.

२६ मे ते ३१ ऑगस्ट ही वाहतूक बंद असते. त्या काळात कुणी "गुपचूप सोडतो" म्हणालं तर मागे फिरा. एरवीही वारा सुटला असेल तर तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारा आणि तो नाही म्हणाला तर ऐका. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा.

परतताना जास्त जपा. उन्हं उतरली की सगळ्यांनाच एका वेळी निघायचं असतं आणि पोरं दमलेली असतात. मी दोन खेपा करते. दुसऱ्या खेपेची पोरं माझ्याबरोबर किल्ल्याच्या दरवाजाशी बसून राहतात, पहिली होडी जेटीला लागल्याचा फोन येईपर्यंत.